तक्रार इंग्रजीत लिहायची आहे : 'चीटिंग' लिहू, 'फ्रॉड' लिहू, की आणखी काही?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इंग्रजी शब्दांबद्दल मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

माझी आई मिरजेला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. मागच्या वर्षी तिची एक मुदत ठेव संपली, तेव्हा ती जिथून पेन्शन घेते त्या बँकेतल्या अधिकाऱ्याने सांगितलं, "बाई, नेहमीच्या एफडीपेक्षा चांगली एफडी आलीय, पाच वर्षांत दुप्पट." आईने २ लाख त्यात घातले. यंदा मोबाइलवर मेसेज आला की दुसरा हप्ता २ लाख रुपये भरा. तेव्हा कळलं की ती एफडी नव्हतीच. आयुर्विम्याची पॉलिसी आहे, दरवर्षी २ लाख, सात वर्षं. आईचं पेन्शन महिन्याला ३० हजारांच्या आसपास.

कंपनीकडून अर्जाची प्रत मागवली. त्यात आईचं वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिलंय, व्यवसायाच्या रकान्यात 'बिझनेस', ईमेल पत्ता आमच्या घरातल्या कोणाचाच नाही. सह्या मात्र आईच्याच आहेत. कंपनीकडून पडताळणीचा फोन आला होता, तेव्हा अधिकारी शेजारीच बसला होता आणि मानेने 'हो म्हणा, हो म्हणा' असं खुणावत होता, असं आई सांगते. त्याने पैसे भरण्याच्या स्लिपच्या मागे स्वतःच्या हाताने '२ चे ४, ५ वर्षे' असं लिहून दिलं होतं. ती स्लिप आईने जपून ठेवली आहे. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत कधीच संपली.

आता बँक आणि विमा कंपनी, दोघांनाही इंग्रजीत पत्र लिहायचं आहे. शब्दकोश उघडला तर चीट, डिसीव्ह, डिफ्रॉड, मिसलीड, ट्रिक, डूप, स्विंडल, सगळ्यांपुढे 'फसवणे'. यातला कोणता शब्द कुठे वापरतात? माझा राग पत्रात दिसला पाहिजे, पण पत्र कचऱ्याच्या डब्यात जायला नको.

रानवारा

यात विचार कसला करायचा? सरळ 'फ्रॉड' लिहा, ठळक अक्षरात. विषयाच्या ओळीतच टाका. खाली चारसोबीसचा गुन्हा दाखल करू म्हणून ठणकावून लिहा. बँकवाले दुसरी भाषा समजत नाहीत. माझ्या काकांच्या बाबतीत अगदी असंच झालं होतं, आम्ही मवाळ पत्र लिहिलं आणि सहा ओळींचं छापील उत्तर हातात आलं.

दुभाषा

रानवारा यांचा संताप मला कळतो. पण कृष्णाकाठ, विषयाच्या ओळीत 'फ्रॉड' लिहू नका. का ते सविस्तर सांगते, कारण या शब्दांशी माझं अख्ख्या नोकरीचं नातं आहे.

मी जिल्हा न्यायालयात अनुवादक होते. साक्षीपुरावा मराठीत व्हायचा आणि प्रकरण अपिलात वर गेलं की तीच कागदपत्रं इंग्रजीत न्यावी लागायची. साक्षीदार म्हणायचे, 'त्यानं मला बनवलं', 'गंडा घातला', 'टोपी घातली', 'गोड बोलून सही घेतली', 'दगा दिला'. फिर्यादीत या सगळ्याचं एकच होई : फसवणूक केली. इंग्रजीत नेताना मात्र प्रत्येक वेळी थांबून बघावं लागे, की खोटं बोलला, की खरं लपवलं? सुरुवातीपासून मनात होतं, की नंतर फिरला? सही कोणाची? पैसे कोणी आपण होऊन दिले? या उत्तरांवर इंग्रजी शब्द ठरतो. तुमच्या पत्रातही तसाच ठरवा. एकच शब्द सगळीकडे चिकटवू नका, घटनेगणिक शब्द लावा.

आधी 'डिसीव्ह' आणि 'चीट'. डिसीव्ह म्हणजे नाही ते आहे असं मनात भरवणं. तेवढ्यावर तो शब्द पूर्ण होतो, पैशाची देवघेव झालीच पाहिजे असं नाही. 'चीट'मध्ये त्या भरवण्याच्या जोरावर काहीतरी काढून घेतलेलं असतं. १८६० च्या दंड संहितेचं कलम ४१५ वाचलंत तर दिसेल, की चीटिंगच्या व्याख्येच्या पोटातच डिसीव्ह हे क्रियापद बसलेलं आहे : डिसीव्ह करून समोरच्याला मालमत्ता द्यायला लावणं. मराठी अधिकृत अनुवादात याला 'ठकवणूक' म्हटलं आहे आणि फ्रॉडला 'कपट'. पोलीस ठाण्यात दोन्हींना फसवणूकच म्हणतात, ते सोडा.

याच कलमाखाली नीळ पुरवणाऱ्याचं एक उदाहरण दिलेलं आहे, ते मला फार आवडतं. एकाने नीळ देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले. घेतानाच द्यायची नाही असं मनात असेल तर ती चीटिंग. घेताना द्यायची इच्छा होती, पुढे करार मोडला, तर चीटिंग नाही, फक्त दिवाणी दावा. पैसे तेवढेच बुडाले, माणूसही तोच. फरक एवढाच की पैसे घेतले त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं. सर्वोच्च न्यायालयानेही हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, की हेतू सुरुवातीपासूनचा हवा. म्हणजे 'चीटेड' लिहिलंत की त्या अधिकाऱ्याच्या मनातलं सिद्ध करण्याचं ओझं तुम्ही उचललंत. (आणि चारसोबीसबद्दल : १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू आहे. त्यानंतरचा व्यवहार असेल तर कलम ३१८ चं चौथं पोटकलम. जुना आकडा घालून धमकावलंत तर समोरच्याला पहिल्याच वाचनात कळेल की पत्र रागात खरडलंय.)

'फ्रॉड'चंही तसंच. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ फ्रॉडचं आणि १८ मिसरिप्रेझेंटेशनचं. दोन्हींत चुकीची गोष्ट खरी म्हणून सांगितलेली असते. ती खरी नाही हे सांगणाऱ्याला ठाऊक असलं तर फ्रॉड. त्याला ती खरीच वाटत होती, पण तसं छातीठोक सांगायला त्याच्याकडे आधार नव्हता, तर मिसरिप्रेझेंटेशन. दोन्हींचा एक परिणाम सारखाच : करार रद्द करून मागता येतो. मग अधिकाऱ्याच्या काळजात शिरायची गरज ज्या शब्दाला कमी, तो आधी का वापरू नये? शिवाय विमा लोकपालाच्या (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नियमांत ज्या कारणांसाठी तक्रार करता येते त्यांची यादी आहे. त्या यादीत मिसरिप्रेझेंटेशन हा शब्द छापलेला आहे. उद्या तिथे जायची वेळ आली तर तुमच्या पहिल्या पत्रात तोच शब्द असलेला बरा.

आता तुमच्या प्रकरणातली एकेक गोष्ट घेऊ.

'एफडी आहे' असं सांगितलं : 'मिसरिप्रेझेंटेड'. 'मिस्टेकनली इन्फॉर्म्ड' लिहू नका, त्यात तुम्हीच त्याला चूक म्हणून सोडून देता.

हप्ता दरवर्षी भरायचा आहे हे सांगितलंच नाही : इथे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यात बरंच अंतर आहे. 'फेल्ड टु डिस्क्लोज' म्हणजे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. 'कन्सील्ड' म्हणजे कळू नये म्हणून झाकलं. करार कायद्यात घोड्याच्या लिलावाची उदाहरणं आहेत. घोड्यात खोड आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो गप्प बसला, तर तो फ्रॉड नाही. पण घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर गप्प बसणंही फ्रॉड, कारण त्या नात्यात सांगणं त्याचं कर्तव्य होतं. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट समजेन', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच. म्हणून आईला नीट विचारा : तिने त्या वेळी 'एकदाच भरायचे ना?' असं काही विचारलं होतं का? विचारलं असेल आणि तो नुसता हसला असेल, तरी ते पत्रात तसंच्या तसं आलं पाहिजे.

उत्पन्न १२ लाख, व्यवसाय बिझनेस : 'फॉल्स पर्टिक्युलर्स', म्हणजे खोटा तपशील. 'फॉल्सिफाइड' नको, तो शब्द वाचला की मुळात खरी असलेली नोंद नंतर बदलली असं वाटू शकतं. इथे नोंद पहिल्यापासूनच खोटी आहे. पत्राला पेन्शनचा कागद जोडा आणि विचारा, महिना ३० हजारांवर जगणारी बाई वर्षाला २ लाख कुठून भरणार होती? हा प्रश्न कुठल्याही विशेषणापेक्षा जड आहे.

'फोर्जरी' हा शब्द पत्रात येऊ देऊ नका. कायद्यात त्याची व्याख्या रुंद आहे, मजकूर कळू न देता फसवून घेतलेली सहीसुद्धा तिच्यात बसू शकते. पण ते पुढे वकील ठरवतील. रोजच्या इंग्रजीत फोर्जरी म्हटलं की दुसऱ्याची सही ठोकली असाच अर्थ निघतो. कंपनी आईच्या सह्या जुळवून दाखवेल, आणि एक शब्द खोटा पडला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही पाणी पडेल.

फोनचं : 'प्रॉम्प्टेड'. 'कोअर्स्ड' म्हणजे दबाव टाकून, धाक घालून. तसं झालेलं नाही. कोर्टात पढवलेल्या साक्षीदाराला 'ट्युटर्ड' म्हणतात, पण ते आधीपासून घोकून घेतलेलं असतं. शेजारी बसून खुणावणं म्हणजे प्रॉम्प्ट करणं. त्या फोनचं रेकॉर्डिंग मागून घ्या. मध्येच थांबणं, कुणाला तरी विचारणं ऐकू येत असेल तर फार उपयोगाचं.

आता तुमच्या विरुद्ध जाणारी बाजू. करार कायद्याच्या कलम १९ ला अपवाद आहे : मिसरिप्रेझेंटेशनने किंवा फसव्या मौनाने संमती मिळवली, पण साधी दक्षता घेतली असती तर खरं कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करता येत नाही. कंपनी हाच मुद्दा काढेल. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, घरी आला होता, ३० दिवस होते, वाचला का नाही? म्हणून बाँड आला तेव्हा काय झालं हे पत्रात यायलाच हवं. तो इंग्रजीत होता का? आईने तो घेऊन बँकेत जाऊन विचारलं होतं का? आणि जाणूनबुजून, तोंडाने सांगितलेल्या खोट्याला या अपवादाचं संरक्षण नाही. म्हणून 'फ्रॉड' हा शब्द पत्रात असावा, पण शेवटी, एकदाच : वर मांडलेली कृत्ये फ्रॉड ठरतात असं आमचं म्हणणं असून त्याबाबतचे सर्व हक्क आम्ही राखून ठेवतो. तोपर्यंत वाचणाऱ्याने स्लिप पाहिलेली असेल, १२ लाखांचा आकडा पाहिलेला असेल. मग तो शब्द त्याला खोटा म्हणता येणार नाही.

आणखी एक. आईची सही मराठीत आहे ना? देशी भाषेत सही असली की अर्जात वेगळं प्रतिज्ञापन असतं, 'अर्जातला मजकूर मी अर्जदाराला तिच्या भाषेत समजावून सांगितला' असं. त्याखाली कोणाची सही आहे ते बघून इथे सांगा.

मास्तरीण

दुभाषाताई, किती छान उलगडून सांगितलंत. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. ताईंनी न घेतलेल्या आणखी काही शब्दांबद्दल लिहिते, कारण ते पत्रात का नकोत हेही कळायला हवं.

'डूप' मला मुळीच चालणार नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी हुदहुद पक्षी आहे. हा पक्षी खुळा असतो अशी तिकडची समजूत. त्यामुळे 'शी वॉज डूप्ड' म्हटलं की नजर फसवणाऱ्यावर राहत नाही, आईवर जाते, तिच्या भोळसटपणावर. 'हुडविंक'चंही तेच : डोळ्यांवर टोपडं ओढलं. 'विंक'चा जुना अर्थ डोळे मिटणं. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ठीक, पण ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं तिच्याबद्दल तिच्या मुलाने असे शब्द वापरू नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

'कॉन' हा 'कॉन्फिडन्स'चा तुकडा. १८४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाच्या माणसाला अटक झाली. तो चांगल्या कपड्यातल्या अनोळखी माणसाशी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि विचारायचा, 'उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे द्यायला तुमचा माझ्यावर विश्वास आहे का?' लोक द्यायचे! वर्तमानपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटलं, आणि पुढे त्याचं 'कॉन' झालं. कॉनमध्ये आधी विश्वास संपादन करणं हेच मुख्य काम. तुमच्या आईच्या बाबतीत अर्थाने हाच शब्द सगळ्यात जवळ बसतो, कारण 'बाई' म्हणून हाक मारणारा, दर महिन्याला पेन्शनच्या खिडकीशी दिसणारा माणूस होता तो. पण शब्द बोलीतला आहे, तक्रारीत शोभणार नाही. त्याऐवजी लिहा, की हा अधिकारी अमुक वर्षांपासून परिचित होता आणि त्याच्या सल्ल्यावर ती अवलंबून राहिली. 'रिलाइड अपॉन' हे क्रियापद वापरा.

'स्विंडल' अठराव्या शतकात जर्मनमधून आला. त्यात लबाडीचा धंदा, योजनाबद्ध लुबाडणं असा वास आहे. एका व्यवहारासाठी मोठा होतो.

आणि 'चीट'चं मूळ ऐकून माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी धक्का बसतो. तो 'एस्चीट'पासून आला. वारस नसलेली जमीन सरंजामदाराकडे किंवा राजाकडे जमा होण्याला एस्चीट म्हणत. ती जमा करणारे अधिकारी इतके बदनाम झाले की त्यांच्या कामाचंच नाव लुबाडणुकीला पडलं. मूळ शब्द आपल्या कायद्यात अजून सभ्यपणे जिवंत आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बेवारस संपत्ती सरकारकडे जाते, ते कलम याच नावाचं.

जाता जाता, आपला 'ठग'ही इंग्रजीत गेला. आपल्याकडे ठग म्हणजे गोड बोलून फसवणारा, ठकवणे हे क्रियापद त्याच घराण्यातलं. इंग्रजांनी १८३० च्या दशकात ठगांविरुद्ध मोहीम काढली, १८३६ मध्ये कायदा केला, आणि दंड संहितेतही ठगाची व्याख्या खुनासकट लुटणारा अशीच घातली. परिणाम असा, की आज इंग्रजीत 'थग' म्हणजे दांडगट, गुंड. फसवणं त्यातून पार गळून गेलं. तेव्हा कुणी रागात त्या अधिकाऱ्याला थग लिहा म्हणालं तर लिहू नका, अर्थच बदलेल.

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये वित्तसंस्थांच्या नियमपालनाचं काम करतो. इथून थोडी भर.

तुमच्या प्रकरणासाठी इथे रुळलेला शब्द आहे 'मिस-सेलिंग'. भारतातही विमा नियामक आणि रिझर्व्ह बँक तो वापरतात, त्यामुळे विषयाच्या ओळीत तोच टाका. ब्रिटनमध्ये कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचं, पीपीआयचं, प्रकरण खूप गाजलं. दावा करायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती आणि तोवरच्या तक्रारींपोटी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत द्यावे लागले. एवढी रक्कम 'फ्रॉड' सिद्ध करत बसलं असतं तर कधीच परत मिळाली नसती. मिस-सेलिंगमध्ये प्रश्न विक्रेत्याच्या मनाचा नसतोच. ही वस्तू या ग्राहकाला साजेशी होती का, आणि तिला ती स्पष्ट समजावली का, एवढंच बघतात. ७ वर्षं दरसाल २ लाखांचा हप्ता आणि ३० हजारांचं पेन्शन, इथेच उत्तर आलं.

दुसरं, 'मिसलीड' या शब्दाबद्दल. पुष्कळांना तो दुबळा वाटतो. एखादी पाटी किंवा जाहिरातही मिसलीड करू शकते, हेतू नसतानाही, म्हणून असेल. पण इथल्या संसदेत त्या शब्दाने सरकारं हलली आहेत. सभागृहात दुसऱ्या सदस्याला 'लायर' म्हणता येत नाही, त्यामुळे सगळा भार 'मिसलीड'वर आणि त्याच्या आधीच्या क्रियाविशेषणावर येतो. 'इनअॅडव्हर्टंटली' म्हणजे नकळत, मंत्री दिलगिरी व्यक्त करून सुटतो. 'रेकलेसली' म्हणजे खरं की खोटं याची पर्वाच न करता. 'नोइंगली' म्हणजे जाणूनबुजून, आणि तिथे राजीनाम्याचीच अपेक्षा असते. १९६३ मध्ये जॉन प्रोफ्युमो यांनी सभागृहाला मिसलीड केल्याचं मान्य करून मंत्रिपद सोडलं. २०२३ च्या जूनमध्ये संसदेच्या समितीने माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याबद्दल निष्कर्ष काढला तोही 'डेलिबरेटली' मिसलीड केल्याचा.

यातला 'रेकलेसली' तुमच्या फार कामाचा आहे. इथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १८८९ मध्येच डेरी विरुद्ध पीक या खटल्यात म्हटलं, की विधान खरं आहे की खोटं याची फिकीर न करता केलं तर तेही फ्रॉडच. तो अधिकारी उद्या म्हणेल, 'मलाही वाटलं होतं दुप्पट होतील'. वाटलं असेल, पण पॉलिसीचा कागद एकदा तरी उघडून बघितला होता का?

कृष्णाकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईशी फोनवर बसून एकेक गोष्ट पुन्हा विचारली.

दुभाषाताई, तुम्ही म्हणालात ते प्रतिज्ञापन सापडलं. आईची सही मराठीतच आहे. 'मजकूर मराठीत समजावून सांगितला' याखाली त्याच अधिकाऱ्याची सही आहे! आई शपथेवर सांगते की अर्ज कोरा होता, फक्त फुल्या मारलेल्या जागी सह्या घेतल्या. बाँड आला तेव्हा ती तो घेऊन बँकेत गेली होती. तो म्हणाला, "हा एफडीचाच कागद आहे, घरी नीट ठेवा." 'एकदाच भरायचे ना?' असं तिने विचारलं नव्हतं, तेव्हा तसं लिहिणार नाही.

मसुदा केला आहे. विषय : मिस-सेलिंग. पहिल्या परिच्छेदात मिसरिप्रेझेंटेड, दुसऱ्यात कन्सील्ड, तिसऱ्यात फॉल्स पर्टिक्युलर्स, चौथ्यात प्रॉम्प्टेड. शेवटी फ्रॉड, तुम्ही सांगितलं त्या वाक्यात. सुरुवातीला 'माय इनोसंट ओल्ड मदर' आणि 'अनफॉर्च्युनेटली' असे शब्द आलेत, ते ठेवू का? आणि आईचा आग्रह आहे की 'लबाड' हा शब्द कुठेतरी यावा. विश्वासघात केला असंही ती म्हणते. तो 'क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट' होईल का?

दुभाषा

प्रतिज्ञापन सापडलं हे उत्तम झालं. त्याला 'फॉल्स डिक्लरेशन' म्हणा आणि तो परिच्छेद सगळ्यात वर आणा, कारण तिथे त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलं आहे. अर्ज कोरा असताना सह्या घेतल्या हे 'साइन्ड इन ब्लँक' असं लिहा. पहिल्या परिच्छेदात 'नोइंगली' हे एक क्रियाविशेषण घाला. एक ती स्लिप, आणि दुसरं, आई बाँड घेऊन गेल्यावर त्याने दिलेलं उत्तर, या दोन गोष्टींमुळे तुम्हाला तो अधिकार आला आहे. टेम्सकाठी यांचं 'रेकलेसली' त्याच्या जोडीला 'किंवा' म्हणून ठेवा.

'कन्सील्ड'चं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आईने विचारलं नव्हतं हे खरं असलं तरी बाँड दाखवल्यावर 'एफडीचाच कागद' म्हणणं हे झाकणंच आहे. ठेवा.

'इनोसंट ओल्ड' काढा. वय आकड्यात लिहा, 'निवृत्त शिक्षिका' लिहा. 'अनफॉर्च्युनेटली' तर नक्कीच काढा. हे दुर्दैवाने झालेलं नाही, कुणीतरी केलेलं आहे, आणि इंग्रजीत कर्ता असलेली वाक्यं लिहा : अधिकाऱ्याने सांगितलं, अधिकाऱ्याने भरलं, अधिकाऱ्याने खुणावलं. नुसतं 'इट वॉज टोल्ड' असं कर्त्याशिवाय लिहिलंत तर सांगणारा गायब होतो.

विश्वासघाताबद्दल : क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट नाही. त्यात मालमत्ता आधी सरळपणे सोपवलेली असते आणि नंतर ती लाटली जाते. चीटिंगमध्ये सुरुवातच खोटी असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, की एकाच घटनेवर हे दोन्ही गुन्हे एकत्र लावता येत नाहीत. आईला जे म्हणायचं आहे ते मास्तरीण यांच्या 'रिलाइड अपॉन'मध्ये येतं.

आणि 'लबाड' जरूर येऊ द्या, पण आईच्या स्वतःच्या मराठी निवेदनात. ते तिने तिच्या हस्ताक्षरात, तिच्या शब्दांत लिहावं, सही-तारीख घालावी आणि पत्राला जोडावं. त्याचं भाषांतर तुम्ही करू नका. पुढे गरज पडली तर मी करून देईन.

पत्र विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे, प्रत बँकेला. पोचपावती घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्लिपची झेरॉक्सच द्या, दोन्ही बाजूंची. मूळ स्लिप मागितली तरी हातची सोडू नका.